वरून ओतलेलं पाणी

प्रिय आजी,

सप्रेम जयभीम.

तुला वाचता येत नव्हतं, आणि तू गेलीस त्यालाही आता बरीच वर्षं झाली. म्हणजे हे पत्र कुठे पोचणार नाही, हे मला कळतं. तरी लिहायला बसलेय, कारण आज घरात ज्याच्याशी बोलेन त्याच्याशी भांडण होईल. तुझा नातजावई प्रशांत सकाळपासून तोंड पाडून बसलाय. आतल्या खोलीत तुझी पणती मित्रा भाषणाची प्रॅक्टिस करतेय, आणि तिच्यासमोर मला भांडायचं नाही. मग राहिलं कोण? तूच.

आज शुक्रवार, म्हणजे इथे सुट्टी. संध्याकाळी पाचला आमच्या कंपनीतल्या मराठी घरांचा स्वातंत्र्यदिनाचा कार्यक्रम आहे. मुलांनी आपापल्या घरातल्या जुन्या माणसांची गोष्ट सांगायची, असं ठरलंय. मित्रा तुझी सांगणार आहे. ती अर्धी सांगायची की पूर्ण, यावरून या घरात मंगळवारपासून कुणी धड जेवलेलं नाही.

तुला सोहार म्हणजे काय ते कसं सांगू? ओमान देशातलं बंदर आहे. धातूच्या मोठमोठ्या भट्ट्या आहेत. प्रशांत त्यातल्या एका कारखान्यात इंजिनियर आहे आणि मी पोर्टजवळच्या एका ऑफिसात बसते. एसी आहे, गाडी आहे, पोरगी इंडियन स्कूलमध्ये दहावीत आहे. पण हे सगळं एका सहीवर उभं आहे. प्रशांतचं कॉन्ट्रॅक्ट या महिन्यात संपतंय, आणि ते पुढे चालू ठेवायचं की नाही हे त्याचे जनरल मॅनेजर ठरवणार. शेजारच्या ब्लॉकमध्ये केरळचं एक कुटुंब होतं. त्याचा अर्बाब, म्हणजे मालक, एका सकाळी म्हणाला खलास, आणि दोन आठवड्यांत त्यांनी सोफ्यापासून कुकरपर्यंत सगळं विकलं. मित्राची मैत्रीण होती त्या घरातली. तिची दहावी आता कुठे होणार, देव जाणे.

आणि प्रशांतचे हेच जनरल मॅनेजर या कार्यक्रमाचे अध्यक्ष. त्यांची बायको मेधाताई सगळं बघतात. आता कळलं ना घोडं कुठे अडलंय?

मंगळवारी मेधाताईंचा फोन आला.

"सुजाता, मित्राची गोष्ट वाचली गं. अंगावर काटा आला बघ. फक्त ते शिवाशिवीचं तेवढं काढूया का?"

मी म्हटलं, "ते काढलं तर गोष्टच उरत नाही, मेधाताई."

"उरते की. दोघी बायका, एक हंडा, भर उन्हात एकीनं दुसरीला पाणी पाजलं. किती सुंदर चित्र आहे."

"मग शिपाई भांड्यांना हात का लावत नव्हते, ते काय सांगायचं?"

"बायकांचं धैर्य बघून मागे हटले म्हणायचं."

मला हसावं की रडावं तेच कळेना. तू असतीस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस, मला माहितेय. पण पुढे मेधाताई म्हणाल्या, "अगं, इथे आपण सगळे एकच ना? मुलांच्या डोक्यात कशाला ते जुनं? साहेबांनाही तसंच वाटतं." आणि फोन ठेवता ठेवता, "प्रशांतचं रिन्यूअल त्यांच्याच टेबलावर आहे ना? म्हणत होते काल."

हे त्या सहज बोलल्या की मुद्दाम, मला अजून कळलेलं नाही.

प्रशांतला सांगितलं तर तो लगेच म्हणाला, "मग काढ ना. आपण इथे पोटासाठी आलोय, सुजाता. लेटर हातात पडू दे, मग हवं तिथे हवं ते लिही."

मी चिडून म्हटलं, "आजीनं अशी वाट बघितली असती तर?"

"तुझ्या आजीला व्हिसा नव्हता," तो म्हणाला.

त्याला उत्तर मला आज सुचतंय. तुलाही गमावण्यासारखं होतंच की. महारवाड्याची ती गावकीची कामं, आणि त्या कामांवर दारोदार मिळणारी भाकरी. तालुक्याच्या कारकुनानं मनात आणलं असतं तर एका शब्दात तुमची चूल बंद झाली असती. तेव्हा तू जेमतेम सतरा-अठराची, नुकती नांदायला आलेली. भीती नाही वाटली तुला? मी कितीदा विचारलं, आणि तू दर वेळी भाकरी उलटत म्हणायचीस, "भ्या वाटायला येळ कुटं व्हता?"

माझं यावरूनच तुझ्याशी भांडण आहे. एवढी मोठी गोष्ट, आणि तू ती तव्यासमोर बसून, मीठ आण गं, पाणी आण गं, अशी मधे मधे कामं सांगत सांगायचीस. मला वाटायचं सगळ्यांच्याच आज्या असं काहीतरी करत असतील. गंभीर होऊन, समोर बसवून, एकदा तरी सांगायचीस ना. मग मी पण मेधाताईंना फोनवर ताडकन उत्तर दिलं असतं.

मित्राला मी गेल्या महिन्यात सांगितली, तशीच तुला परत सांगते. काही चुकलं असेल तर आता तू तरी कुठे दुरुस्त करणार आहेस?

त्या वर्षी पाऊस नीट झाला नव्हता, तरी इंग्रज सरकारनं शेतसारा वाढवला. जमिनीवरचा कर. महारवाड्याच्या वतनाच्या तुकड्यावरही वाढवला. गावानं सारा भरायचा नाही असं ठरवलं, पाटलानं राजीनामा दिला. मग जप्त्या आल्या. गडीमाणसं जनावरं घेऊन डोंगरात गेली, म्हणजे निदान बैल तरी सरकारच्या हाती लागू नयेत. महारवाड्यातलेही गेले. गावात राहिल्या त्या बायका, म्हाताऱ्या आणि घराघरातली तांब्यापितळेची भांडी.

पाटलीणबाईच्या डोक्यातून ती युक्ती निघाली. साऱ्या आळीची भांडी तिनं आपल्या अंगणात आणून मांडली, आणि महारवाड्यात निरोप धाडला, कुणी तरी या आणि सगळ्यांना शिवून जा. तू गेलीस. ज्या अंगणाच्या बाहेर उभं राहून तू भाकरी मागायचीस, त्या अंगणात तुला आत घेतलं. एकेका हंड्याला, घागरीला, पातेल्याला हात लावत तू फिरलीस. कारकून आला, शिपाई आले. त्यांना कुणीतरी सांगितलं, आणि शिपायांनी हात मागे घेतले. विटाळ झालेलं भांडं डोक्यावर कोण घेणार? असली ओझी वाहायला बोलवायचे तुमच्याच माणसांना, आणि ती तर डोंगरात. कारकून शिव्या घालत निघून गेला.

इथे मित्रानं मला विचारलं होतं, "पण आई, भांडी क्लीन होती ना? मग प्रॉब्लेम काय होता?" पंधरा वर्षांची पोर, आणि तिला हे कळत नाही. मला त्याचा आनंद झाला, आणि भीतीही वाटली.

त्याच संध्याकाळी नदीकाठावर धूर दिसला. तीच सगळी भांडी बायकांनी चिंच लावून घासली आणि विस्तवातून काढली. शुद्ध केली. महारवाड्यातून तुला ते सगळं दिसत होतं. त्या धुराबद्दल बोलताना मात्र तू भाकरी थापायची थांबायचीस.

चार दिवसांनी कारकून पुन्हा वेशीवर आल्याची बातमी आली, आणि पुन्हा तुला बोलावणं आलं. पाटलीणबाई परसात, गोठ्यामागे, तुझी वाट बघत उभी. आणि तू म्हणालीस, "आदी माज्या हातचं पानी प्या. मंग शिवते."

आजी, हे तुला कुणी शिकवलं? वेशीवर सरकार उभं, गावची अब्रू टांगणीला, आणि तू पाण्याचा हट्ट धरून बसलीस. पाटलीणबाई आधी रागावली. मग गयावया करायला लागली. मग तिनं इकडेतिकडे बघितलं, आणि गोठ्याच्या भिंतीआड तुझ्या हातून पाणी घेऊन प्यायली. घटाघटा प्यायली, म्हणायचीस तू, औषध घेतल्यासारखी.

तू भांड्यांना हात लावलास. पण या खेपेला कारकुनाला युक्ती कळली होती, आणि शिक्षा म्हणून तो तुलाच चावडीसमोर भर उन्हात उभं करणार होता. तुला धरून न्यायचं तर शिवावं लागणार, म्हणून शिपायांनी लांबून काठीनं हाकलत नेलं. जनावराला नेतात तसं, असं तू म्हणायचीस, मी नाही म्हणत.

इथे ओमानमध्ये उन्हाळ्यात भर दुपारी मजुरांना उन्हात राबवायचं नाही असा नियम आहे. त्या वेळेला साईटवरचे सगळे सावलीत आडवे झालेले असतात. त्यांच्या शेजारून गाडी नेताना दर वेळी मला तू आठवतेस, चावडीसमोर, पायात काही नाही, ओठ फुटलेले.

मग पाटलीणबाई आली. डोक्यावर पाण्यानं भरलेला हंडा. साऱ्या गावाच्या बायका मागे. ती तुझ्यापाशी आली आणि पाणी ओतायला तिनं हंडा वर उचलला. वरून. तू ओंजळ धरायची, तिनं लांबून धार सोडायची, नेहमीसारखं. गोठ्यामागे तुझ्या हातून प्यायलेली बाई चार माणसांत मात्र तुला शिवणार नव्हती.

तू ओंजळ केली नाहीस.

ती थोडं पाणी सांडून थांबली. तू तशीच उभी. कारकून बघतोय, बायका बघतायत. किती वेळ, ते तुलाही सांगता यायचं नाही. शेवटी तिनं हंडा तुझ्या पुढ्यात जमिनीवर ठेवला आणि दोन पावलं मागे सरली. तू तो दोन्ही हातांनी उचललास आणि तोंडाला लावलास.

मेधाताईंना जे सुंदर चित्र हवंय ना, ते हंडा वर उचललेला असतानाचं आहे. त्याच्या पुढचं त्यांना नको.

पुढे सरकारनं वाढीव सारा तहकूब केला. गावात नंतर एक फलक लागला, त्यावर डोंगरात गेलेल्या पुरुषांची नावं आली. तुझं नाव नाही, पाटलीणबाईचंही नाही. तो हंडा तिनं घरी नेला म्हणे. मी विचारायचे, "मग तिनं तो वापरला का गं?" तू म्हणायचीस, "ते तिचं तिला ठावं."

प्रशांत गाडीची किल्ली घेऊन दारात उभा आहे. साडेचार झाले. आल्यावर लिहिते.

आले. आठ वाजलेत.

निघताना दारातच प्रशांत मित्राला म्हणाला, "बेटा, मेधा आंटी म्हणाल्यात तसंच बोल हं." मित्रानं माझ्याकडे बघितलं. मी तिला म्हटलं, "तुला जे खरं वाटतं ते बोल." प्रशांतनं किल्ली खिशात टाकली, परत काढली, आणि खाली गेला.

हॉल भरलेला होता. पहिल्या रांगेत साहेब, मेधाताई आणि साहेबांच्या मातोश्री. त्या व्हिजिट व्हिसावर आल्यात, ऐंशीच्या पुढच्या, इरकली नेसून, अंगावर शाल, कारण एसीचा त्यांना त्रास होतो. प्रशांत मागे दाराशीच उभा राहिला. बस म्हटलं तर नको म्हणाला.

मित्रानं सुरुवात केली ती काटछाट केलेल्या गोष्टीनं. सारा, जप्ती, अंगणात मांडलेली भांडी, पणजीला आलेला निरोप. मेधाताई मान डोलवत होत्या. मी मनात म्हटलं, चला, ठरलं. सुटलो. आणि खरं सांगते आजी, मला हायसं वाटलं, आणि त्याच क्षणी स्वतःचा संतापही आला.

"पणजीनं भांड्यांना हात लावला," मित्रा म्हणाली, "आणि बायकांचं धैर्य बघून शिपाई..."

आणि थांबली. मला वाटलं विसरली. तिचं मराठी तसंही अडखळतंच. मी ओठांनी पुढचा शब्द सांगायला लागले, तर ती माझ्याकडे बघतच नव्हती.

"सॉरी," ती म्हणाली. "हे असं नाही झालं. शिपाई घाबरले नाहीत. माझी पणजी अनटचेबल होती, म्हणून ते भांड्यांना हात लावत नव्हते. त्या लोकांनी माझ्या पणजीला यूज केलं. आणि मग पणजीनं पण... म्हणजे, तिनं सांगितलं, आधी पाणी प्या. मला ते अजून नीट कळत नाही. पण तिनं ओंजळ नाही केली. ते मला कळतं."

मग तिनं सगळं सांगितलं. नदीवरचा धूर, काठी, वर उचललेला हंडा, खाली ठेवलेला हंडा. निम्मं मराठी, निम्मं इंग्रजी, क्रियापदं चुकलेली. संपवून ती नमस्कार करून खाली उतरली. टाळ्या पडल्या नाहीत. मेधाताई मोबाईलमध्ये बघत होत्या. साहेबांची पाठ मला दिसत होती, ती हलत नव्हती. निवेदकानं घाईघाईनं पुढच्या नाचाचं नाव पुकारलं.

जेवणाच्या आधी मी मित्राला घेऊन सटकायच्या बेतात होते, तेवढ्यात साहेबांच्या मातोश्रींनी हात केला. मित्राला जवळ बोलावून तिचं मनगट धरलं आणि विचारलं, "कुठल्या गावची गं तू?"

हा प्रश्न मी जन्मभर ऐकत आलेय, आजी. गाव विचारतात, मग आडनाव विचारतात, मग गप्प होतात. मित्रानं सरळ तुझ्या गावाचं नाव सांगितलं.

म्हातारी म्हणाली, "आमचं तिथलं नाही. पण आमच्याकडे होता असला एक हंडा. माळ्यावर, पालथा घातलेला. मी नवी सून. पाणी साठवायला भांडी पुरायची नाहीत, म्हणून तो काढायला गेले, तर सासूबाई अंगावर आल्या. त्याला हात लावायचा नाही म्हणाल्या. का, ते मरेपर्यंत सांगितलं नाही."

साहेब मधे आले. "आई, चल. जेवण लागलंय."

"थांब रे," ती म्हणाली. मित्राचं मनगट तिनं सोडलं नव्हतं. "पोर सांगतेय ते आत्ता कळतंय मला. मी आपली इतकी वर्षं समजत होते, हंडा गळका असेल."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं नाही. प्रशांतकडेही नाही. आईच्या दंडाला धरून ते तिला टेबलाकडे घेऊन गेले. आम्ही न जेवताच निघालो.

लेटर आलेलं नाही. रविवारी ऑफिस उघडेल तेव्हा साहेब बोलावतील, असं प्रशांत म्हणतो. काय म्हणतील, देव जाणे. मी सगळं ठीक होईल असं लिहिणार नाही, कारण मला माहीत नाही. कदाचित पुढच्या महिन्यात आमचाही सोफा विकायला निघेल आणि मित्राची शाळा अर्ध्यात तुटेल.

पण गाडीत एक झालं. हायवेला लागलो. प्रशांत आरशात मित्राकडे बघून म्हणाला, "मी मागे उभा होतो, मला नीट ऐकू आलं नाही. पहिल्यापासून सांग." आमच्या लग्नाला सतरा वर्षं झाली, पण तुझी गोष्ट त्यानं स्वतःहून कधी विचारली नव्हती. मित्रानं घर येईपर्यंत सांगितली. पार्किंगमध्ये गाडी बंद करून तो म्हणाला, "मग त्या बाईनं तो हंडा वापरला का?"

मित्रा म्हणाली, "पणजीला माहीत नव्हतं, बाबा."

आजी, तुला एक शब्द देते. या घरातून कुठेही जायची वेळ आली, तरी तुझी गोष्ट मी कुणाला वरून धार धरून पाजणार नाही, आणि कुणाच्या सोयीची करून देणार नाही. हंडा भरून खाली ठेवीन. ज्याला प्यायचंय त्यानं वाकावं, आणि दोन्ही हातांनी उचलावा.

तुझीच,
सुजी